आधी दादांना विचारा

प्रश्न : ताई, माझे थोरले बंधू ५४ वर्षांचे. दिवाळीनंतर त्यांना ब्रेनस्टेमचा स्ट्रोक झाला. डॉक्टर याला 'लॉक्ड-इन' म्हणतात. सगळं ऐकू येतं, कळतं, पण हातपाय, मान, जीभ काही हलत नाही. डोळे तेवढे वरखाली होतात. पुतण्याने 'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' हा फ्रेंच चित्रपट पेनड्राइव्हवर आणलाय. "पप्पांना दाखवूया, उमेद येईल," असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणतात, जखमेवर मीठ कशाला चोळायचं? मी मधल्यामध्ये. दाखवावा का? आणि शरीर असं जखडलेलं असताना मन खरंच मोकळं राहतं, की हे फक्त सिनेमात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र मन लावून वाचलं. त्यात पुतण्याचं मत आहे, वहिनींचं आहे, तुमची घालमेल आहे. दादांचं मत कुठेच नाही. त्यांना सगळं कळतं हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा आधी त्यांना विचारा. शेजारी बसून गोष्ट थोडक्यात सांगा, त्यातली अवघड दृश्यंही लपवू नका. 'हो' असेल तर डोळे वर, 'नाही' असेल तर खाली, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वाचोपचाराच्या (स्पीच थेरपीच्या) कामात मी हे वर्षानुवर्षं पाहत आलेय. माणूस बोलेनासा झाला की त्याच्या खाटेभोवती त्याच्याविषयीच चर्चा चालते, आणि ती त्याला अक्षर न् अक्षर ऐकू येत असते.

हा चित्रपट ज्याच्यावर आहे तो ज्याँ-डॉमिनिक बोबी 'एल' या नियतकालिकाचा संपादक होता. ८ डिसेंबर १९९५ रोजी त्याला स्ट्रोक झाला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. जवळपास तीन आठवडे तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा पापणीची उघडझाप करता येईल असा डावा डोळा तेवढा हाती राहिला होता. उजवा डोळा मिटत नव्हता, बुबुळ कोरडं पडून जखम होऊ नये म्हणून ती पापणी शिवून टाकावी लागली. तरीही या माणसाने १९९६च्या उन्हाळ्यात, उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बेर्क गावातल्या रुग्णालयात पडल्या पडल्या पुस्तक सांगितलं.

ते कसं, हे तुमच्या घराला खरं उपयोगाचं आहे. फ्रेंचमध्ये जी अक्षरं जास्त वेळा येतात ती आधी, अशी एक यादी केलेली होती : ई, एस, ए, आर, आय, एन... समोरचा ती म्हणत जायचा. हवं ते अक्षर आलं की बोबी पापणी मिटायचा. ते लिहून घ्यायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. सकाळी लवकर जागं होऊन तो मनातल्या मनात वाक्यं घोळवायचा, एखादा शब्द काढायचा, एखादा घालायचा, परिच्छेद पाठ करून ठेवायचा. मग क्लोद मांदिबिल वही घेऊन यायची आणि अक्षराअक्षराने तो उतरवून घ्यायची.

मन मोकळं राहतं का, याचं माझं उत्तर इथेच आहे. कल्पना आणि आठवण त्याच्या स्वतःच्या होत्या, त्या कुणी दिल्या नव्हत्या. पण त्या खोलीबाहेर पडल्या कारण कुणीतरी रोज येऊन बसलं आणि घाई केली नाही. नावातल्या फुलपाखराचं, म्हणजे त्याच्या मोकळ्या मनाचं, सगळे कौतुक करतात, मला त्या यादी म्हणणाऱ्या बायकांचं जास्त वाटतं. आणि मन कायम मोकळं होतं असंही नाही. एकदा टीव्हीवर फुटबॉलचा सामना रंगलेला असताना कुणीतरी येऊन संच बंद केला, शुभ रात्री म्हणून निघून गेलं. त्याला 'राहू दे' म्हणता आलं नाही. दादांच्या खोलीत असं रोज काय काय होत असेल, याचा विचार करा.

अवघड दृश्यं सांगते. डोळा शिवतानाचं दृश्य आतून, त्याच्या नजरेतून दाखवलंय, ते दादांना सोसणार नाही असं वाटलं तर चित्रपट तेवढा पुढे पळवा. दुसरं, यादी हाती आल्यावर तो वाचोपचारतज्ज्ञ मुलीला जे पहिलं धड वाक्य सांगतो ते असं, की मला मरायचंय. ती चिडते, बोलते, बाहेर जाते, मग परत येऊन माफी मागते. हे दृश्य मात्र गाळू नका. दादांच्याही मनात तसं येऊन गेलं असेल, आणि ते सांगायला त्यांना वाट मिळालेली नाही. शेवटी बोबी जातो, हेही आधीच सांगून ठेवा.

माझं सगळ्यात आवडतं दृश्य वडिलांच्या दाढीचं. आजाराच्या आधीची आठवण आहे. म्हातारे वडील खुर्चीत बसलेत, तोंडभर फेस, मुलगा जपून रेझर फिरवतोय, बाप तोंड वाकडं करत त्याला संसारावरून दोन शब्द सुनावतोय. पुढे हेच वडील रुग्णालयात फोन करतात. जिना उतरणं त्यांना जमत नाही, त्यामुळे तेही घरात कोंडलेले. उत्तर देऊ न शकणाऱ्या मुलाशी बोलताना त्यांचं बोलणं अडखळतं. वडिलांच्या भूमिकेत मॅक्स फॉन सिडोने ते असं केलंय की मला दर वेळी भरून येतं.

आता एक व्यवहाराची गोष्ट. या आजारात डोळे बहुधा आडवे फिरत नाहीत, त्यामुळे पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी (सबटायटल्स) वाचणं दादांना जमणार नाही. पुतण्याने शेजारी बसून मराठीत सांगत जावं. तुकड्यातुकड्याने, दमले की थांबून.

आणि चित्रपटाची वाट न बघता अक्षरपाटी आजच करा. क पासून ज्ञ पर्यंत म्हणत बसाल तर दोघंही थकाल. पुठ्ठ्यावर ओळी पाडा : स्वर, मग क, च, ट, त, प यांच्या ओळी, मग य-र-ल-व, मग श-ष-स-ह-ळ. आधी ओळ विचारायची, ओळ ठरली की अक्षर. सुरुवातीला काना-मात्रा, जोडाक्षरं सोडून द्या. प आणि ण आले तर 'पाणी?' म्हणून विचारा. 'नाही' आलं तर 'पण' असेल, म्हणजे वाक्य पुढे आहे, चालू ठेवा. 'चुकलं, परत' यासाठी एक खूण आधी ठरवून घ्या. माझ्याकडच्या एका काकांचा पाटीवरचा पहिला निरोप होता, 'पंख कम'. ते उकाड्याने हैराण असतील म्हणून घरच्यांनी पंखा पाचवर ठेवला होता, आणि ते रात्रभर गारठत होते.

प्रश्न : हा चित्रपट कितपत खरा? आणि सुरुवातीला पडदा इतका धूसर का?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : धूसर आहे कारण बराच वेळ आपण बोबीच्या डाव्या डोळ्यातूनच पाहतो. माणसं अगदी जवळ येतात, चौकटीबाहेर जातात, पापणी मिटली की अंधार. पटकथाकार रोनाल्ड हारवूडची ही कल्पना, छायाचित्रण यानुश कमिन्स्कीचं. दिग्दर्शक ज्युलियन श्नाबेल मूळचा चित्रकार आहे, ते जाणवतं. २००७ साली कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

आजार, अक्षरांची यादी, पुस्तक हे सगळं खरं. बोबीच्या आयुष्यातल्या स्त्रियांबाबत मात्र मोकळीक घेतली आहे. सिनेमात प्रेयसी रुग्णालयात फिरकतच नाही, प्रत्यक्षात ती येत होती, आणि यावर पुढे जाहीर वादही झाला. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला कथेच्या सोयीसाठी बाहेर काढणं मला पटलेलं नाही. म्हणून पुस्तकही वाच. जेरेमी लेगॅटचा इंग्रजी अनुवाद मिळतो, प्रकरणं छोटी आहेत. ते मार्च १९९७मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्या काही दिवसांतच, ९ मार्चला, बोबी गेला.