गरब्यात दुमडलेला कॉर्सेट: पट्ट्या, कापड आणि रिंगा

ताई, चनियाचोळीवर घालायला लायक्रावाल्या सॅटिनचा शिवलेला कॉर्सेट (कमर आवळणारी ताठ चोळी) पहिल्याच रात्री कमरेत दुमडला आणि नाडी ओवायची मागची रिंग उपटून आली, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच भोगलंय मी. मापं, कटिंग तुम्हाला येत असणारच, ते सोडते.

आधी कॉर्सेट ताठ राहावा म्हणून आत घालायच्या पट्ट्या (बोन), कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडाले. इथल्याच एका दुकानदाराने (नाव घेत नाही) ‘स्टील बोन’ म्हणून पांढऱ्या चकचकीत पट्ट्या दिल्या. आत स्टील नव्हतंच, नुसतं प्लॅस्टिक! अंगाच्या उबेने त्या कमरेशी वाकल्या त्या वाकल्याच, आणि टोक रात्रभर बरगडीखाली टोचत राहिलं. परत द्यायला गेले तर म्हणे, ‘कापलेला माल परत होत नाही.’ अहो, कापून तुम्हीच दिलात ना? वर मलाच ऐकवलं, की तुम्ही फार आवळत असाल. कॉर्सेट काय सैल सोडायला शिवतात? तेव्हापासून पर्समध्ये लोहचुंबक असतं. चिकटलं तरच पैसे काढते. (जर्मन सिंथेटिक व्हेलबोन, म्हणजे पूर्वीच्या देवमाशाच्या पट्ट्यांची नक्कल, हेही प्लॅस्टिकच, पण ते चांगलं असतं. त्याच्याशी या पट्ट्यांची बरोबरी नको.)

रिंगांच्या दोन्ही बाजूंना चपटं स्टील, वळणाच्या शिवणींवर स्पायरल (चपट्या केलेल्या तारेच्या वेटोळ्यांचं स्टील), कारण ते आडवंही वाकतं. पट्टी खोबणीपेक्षा सेंटिमीटरभर आखूड ठेवा. कापलेलं टोक कापड फाडतं आणि घामाने गंजतं. टोकावर बसवायची धातूची टोपी मिळाली नाही तर नळवाल्याची टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळा.

पण खरं सांगू? पट्ट्या आकार देतच नाहीत, कापडाला उभं ताणून धरतात एवढंच. आकार येतो कळ्यांच्या कटिंगमधून. त्यामुळे तुमच्या त्या लायक्रावाल्या सॅटिनमध्ये किलोभर स्टील घातलंत तरी व्यर्थ. कूटिल (coutil) नावाचं घट्ट विणीचं सुती कापड यासाठीच बनतं. मला इथल्या मंगळ बाजारात ते कधी दिसलं नाही, मी जाड सुती ड्रिल घेते. दोन्हीकडून खेचून बघा, कमी ताणतं ती बाजू कमरेभोवती आडवी. शिंपी उभ्या धाग्यावर अडून बसतात, बसू देत. दोन थरांच्या मध्ये कमरेवर न ताणणारी कापडी फीत हवीच. सगळा जोर ती घेते.

रिंगा वॉशरवाल्या, दोन भागांच्या घ्या. भोक पंचने पाडू नका, टोच्याने धागे बाजूला सारा. 1820 च्या दशकात धातूच्या रिंगा आल्या, त्याआधी भोकं काजासारखी हाताने विणत. तुमची उपटलेली रिंग तशीच विणून घ्या, वेळ लागेल पण टिकेल.

मी डॉक्टर नाही, पण हर्निया, पित्त, नुकतंच बाळंतपण असलं काही असेल तर आधी विचारून घ्या. आणि गरबा खेळताना नाडी थोडी ढिलीच ठेवा, दम लागतो तेव्हा छाती फुगायला जागा लागते.

जुन्या पट्ट्या फेकू नका. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत छान चालतात.