वाचक विचारतात : नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्याची ऑनलाइन पदवी

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रं आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : मी बी.ए.एम.एस. आहे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. एका प्रतिनिधीचा फोन आला होता, 'यूजीसीमान्य ऑनलाइन एम.पी.एच., घरबसल्या दोन वर्षांत'. (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, एम.पी.एच. म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी.) जागा अडवून ठेवायला पाच हजार भरा म्हणतो. भरू का?

आज भरू नका. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि त्या विद्यापीठाला तो ठरावीक अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची परवानगी असणं वेगळं. फोनवरचा माणूस पहिलं ठासून सांगतो आणि दुसऱ्याचा विषयच काढत नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे 'डेब'च्या, संकेतस्थळावर सत्रनिहाय याद्या असतात. तिथे विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव शब्दशः, माध्यम 'ऑनलाइन' की 'दूरस्थ', आणि तुमच्या प्रवेशाचं सत्र, एवढं जुळवून बघा. यादीत एम.पी.एच.ऐवजी रुग्णालय व्यवस्थापनाची एम.बी.ए. दिसली, तर 'एकच आहे हो मॅडम' असं उत्तर मिळेल. एकच नाही. तिकडे खाटा, बिलं आणि मनुष्यबळ शिकवतात, इकडे साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी.

हे एवढं ताणून सांगायचं कारण असं की नियम २०२५मध्ये बदललेत. वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी हे विषय ऑनलाइन पदवीला आधीपासूनच बंद होते. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येणारे अभ्यासक्रमही जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने चालवू नयेत, असं यूजीसीने ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान हे विषय त्यात नावानिशी आहेत. तेव्हा मागच्या वर्षीचं माहितीपत्रक कोणी दाखवलं तर त्यावर विसंबू नका. चालू सत्राची नोंद स्वतः उघडून वाचा.

यादीत नाव सापडलं, तर पुढची पायरी डेब-आयडीची. आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा करण्याच्या सरकारी खात्याचा क्रमांक, काढायचा, मग त्याच्या आधाराने डेबच्या संकेतस्थळावर डेब-आयडी तयार करायचा आणि तो प्रवेशअर्जात भरायचा. गाडी अडते ती नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पदवीवर वडिलांचं नाव मध्ये. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच हाताशी ठेवा. शुल्क भरायचं ते थेट विद्यापीठाच्या खात्यात. ऑनलाइन अभ्यासक्रम तिसऱ्या संस्थेला चालवायला देणं यूजीसीला मान्य नाही, त्यामुळे 'आमच्या सेंटरच्या नावाने भरा' असं कोणी म्हणालं की तिथेच थांबावं. परदेशी विद्यापीठाशी हातमिळवणी करून शिक्षण-कंपन्या देत असलेल्या पदव्यांना मान्यता नाही, हेही यूजीसीने डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केलं आहे.

कंत्राटी असलात तरी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत परवानगीचा अर्ज प्रवेशाआधी द्या आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत जपून ठेवा. पदवी हातात आल्यावर मागितलेली परवानगी सहसा मिळत नाही.

आता उपयोगाचं. परवानगी असलेल्या संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असं यूजीसीचं २ सप्टेंबर २०२२चं परिपत्रक आहे. मुलाखतीला जाताना ते छापून न्या. तरीही काही जाहिरातींत 'पूर्णवेळ नियमित' अशी अट असते. म्हणून ज्या पदावर डोळा आहे, त्याच्या मागच्या दोन-तीन जाहिराती शोधून पात्रतेचा रकाना वाचा आणि मगच पैसे भरा. एम.पी.एच.ने रुग्ण तपासण्याचे अधिकार वाढत नाहीत आणि ती सामुदायिक वैद्यकशास्त्रातल्या एम.डी.ची जागाही घेत नाही.

प्रश्न : पुण्यात औषध कंपनीत आहे, घरी यायला साडेसात होतात. लंडनची १८० क्रेडिटची दूरशिक्षण पदवी झेपेल की इथली ६४ क्रेडिटची? १८० म्हणजे जवळजवळ तिप्पट वाटतं.

क्रेडिटचे आकडे असे समोरासमोर ठेवता येत नाहीत. तास काढा. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे अंदाजे १० तासांचा अभ्यास, आपल्याकडे दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आणि युरोपच्या मोजणीत २५ ते ३०. म्हणजे तिकडचे १८० क्रेडिट झाले १,८०० तास आणि इथले ६४ झाले १,९२०. ओझं जवळपास सारखंच, किंचित जास्त इथलंच.

हे तास आठवड्यांत मोडले की खरं चित्र दिसतं. आठवड्याला १२ तास दिले तर १,८०० तासांना १५० आठवडे लागतात. दिवाळी, आजारपण, घरातली लग्नं धरली की सव्वातीन वर्षं. प्रतिनिधी सांगतो ती 'दोन वर्षं' आठवड्याला १७-१८ तासांची असतात, आणि साडेसातला घरी येणाऱ्याला ते दोन-चार महिन्यांच्या वर निभत नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या दूरशिक्षण एम.एस्सी.ला पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते. ती लाज न बाळगता वापरा. शिवाय ६० क्रेडिटचं प्रमाणपत्र किंवा १२० क्रेडिटची पदविका घेऊन मध्येच बाहेर पडता येतं. अशी पायरी नसलेल्या अभ्यासक्रमात नोकरदाराने शिरूच नये, असं आमचं मत आहे. सुटलं तर हातात काहीच उरत नाही.

पहिल्या सत्रात दोन विषय घेण्याचा मोह होतो. एकच घ्या. १५ क्रेडिटचा एक विषय म्हणजे १५० तास, आठवड्याला १० तास दिले तर १५ आठवडे. आणि तास मोजताना व्हिडिओचा वेळ म्हणजे अभ्यास असं समजू नका. व्याख्यानं सगळ्यांत थोडा वेळ खातात, बाकीचा वेळ लेख वाचण्यात आणि गणितं सोडवण्यात जातो. रोज रात्री एक तास यापेक्षा शनिवार-रविवार सकाळी सलग चार-चार तास आणि मध्ये दोन रात्री दीड-दोन तास, ही मांडणी जास्त टिकते. संशोधनलेख वाचायला बसल्यावर पहिली वीस मिनिटं तर मागचं आठवण्यातच जातात. सरकारी आरोग्यसेवेतल्यांनी मार्च महिना आणि जुलै ते सप्टेंबरचा साथींचा काळ आधीच कॅलेंडरवर काट मारून ठेवावा.

परदेशी पदवी भारतात सरकारी नोकरीसाठी किंवा पीएच.डी.साठी दाखवायची असेल, तर समकक्षतेचा, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची धरतात का हा, प्रश्न प्रवेशाआधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. खासगी कंपनीत आणि आंतरराष्ट्रीय संस्थांत हा कागद सहसा कोणी मागत नाही.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, मस्कतमध्ये परिचारिका आहे. गणित दहावीनंतर सुटलं. जैवसांख्यिकी जमेल का? आणि रात्रपाळीत अभ्यासाचं कसं करायचं?

जमेल. यातलं बहुतेक गणित टक्केवारी, भागाकार आणि दोन बाय दोनचा तक्ता एवढंच आहे. लोक अडखळतात ते भाजक निवडताना. एक उदाहरण कागदावर करून बघा.

एका चाचणीची संवेदनशीलता (आजारींपैकी किती जणांना ती बरोबर पकडते) ९०% आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती जणांना ती बरोबर निरोगी म्हणते) ९५% आहे. १०,००० लोकांत आजार १% आहे. म्हणजे आजारी १००, निरोगी ९,९००. आजारींपैकी ९० जणांची चाचणी पॉझिटिव्ह येईल, १० सुटतील. निरोगींपैकी ५% म्हणजे ४९५ जणांची उगाचच पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यांतले खरे आजारी ९०, म्हणजे फक्त १५.४%. आता तीच चाचणी जिथे आजार २०% आहे अशा वॉर्डात करा. आजारी २,०००, त्यांतले १,८०० पॉझिटिव्ह. निरोगी ८,०००, त्यांतले ४०० चुकून पॉझिटिव्ह. २,२००पैकी १,८००, म्हणजे ८१.८%. चाचणी तीच, पण गावभर केली तर पॉझिटिव्ह रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही आणि वॉर्डात केली तर बऱ्यापैकी ठेवता येतो. 'चाचणी ९०% अचूक, म्हणजे पॉझिटिव्ह माणूस आजारी असण्याची शक्यता ९०%' हे उत्तर परीक्षेत दरवर्षी ढिगाने येतं. त्यात भाजक आजारी लोकांचा घेतलेला असतो, पॉझिटिव्ह आलेल्यांचा नाही.

साथीचंही तसंच. लग्नाच्या पंगतीत बासुंदी खाल्लेल्या ८०पैकी ४८ आजारी, न खाल्लेल्या ४०पैकी ६. आघातदर, म्हणजे खाल्लेल्यांत आणि न खाल्लेल्यांत आजारी पडलेल्यांचं प्रमाण, ६०% आणि १५%. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सापेक्ष जोखीम ४. अशी दहा-पंधरा गणितं हाताने केल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात लावू नका. नंतर ओपनएपी हे साथरोगशास्त्राची गणितं करणारं साधन ब्राउझरमध्येच फुकट चालतं, आणि अभ्यासक्रमात 'आर' ही सांख्यिकीची संगणकभाषा असेल तर तीही फुकट आहे. 'आर'मध्ये सुरुवातीचे बरेच दिवस सूत्रांपेक्षा एक्सेलमधल्या अस्ताव्यस्त नोंदी निस्तरण्यातच जातात. एकाच रकान्यात 'स्त्री', 'महिला' आणि 'एफ' असं असलं की संगणक तीन लिंगं मोजतो.

रात्रपाळीचं म्हणाल, तर पाळीहून आल्या आल्या नवीन काही वाचू नका. झोप झाल्यावर वाचा, पाळीच्या आधी गणितं करा. आणि वेळापत्रक आल्याबरोबर जमा करण्याच्या वेळा मस्कतच्या घड्याळात उतरवून घ्या. ब्रिटनमधली रात्रीची ११.५९ ही मस्कतला हिवाळ्यात पहाटेची ३.५९ आणि उन्हाळ्यात २.५९ असते, भारतात अनुक्रमे ५.२९ आणि ४.२९. तिकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. ऑक्टोबरच्या शेवटाला तासभर जास्त मिळतो, त्याचं काही नाही. मार्चअखेर मात्र तास कमी होतो, आणि 'अजून वेळ आहे' म्हणत बसलेल्याचा निबंध उशिरात जमा धरला जातो.

प्रश्न : पैसे भरण्याआधी विषय झेपतो का हे फुकटात कसं बघावं?

जागतिक आरोग्य संघटनेचे विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, आणि स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर शिकणं फुकट आहे, शुल्क लागतं ते फक्त परीक्षेला. साथरोगशास्त्राचा एक अभ्यासक्रम घ्या आणि ठरल्या वेळेत स्वाध्यायांसकट संपवा. संपला नाही, तर पदवीचा विचार वर्षभर पुढे ढकला. ही प्रमाणपत्रं पदवी नव्हेत, नावापुढे लावू नयेत.

प्रश्न : मी सिंधुदुर्गात वैद्यकीय अधिकारी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी माझ्याच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (प्रा. आ. केंद्राच्या) नोंदवह्यांमधली मधुमेहींची माहिती वापरणार आहे. ती माझीच असल्यामुळे परवानगी लागू नये ना?

लागते. नोंदवही तुमच्या कपाटात असली तरी माहिती रुग्णांची आहे, आणि ती उपचारासाठी गोळा केलेली आहे, प्रबंधासाठी नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची नीतिमत्ता मार्गदर्शक तत्त्वं जुन्या नोंदींवरच्या अभ्यासालाही लागू आहेत. ओळख काढून टाकलेल्या नोंदी असतील तर नीतिमत्ता समिती सवलतीचा किंवा जलद आढाव्याचा मार्ग देऊ शकते, पण सवलत द्यायची की नाही हे समिती ठरवते, आपण नाही. ऑनलाइन विद्यार्थ्यांचे प्रबंध सगळ्यांत जास्त इथेच लटकतात. विद्यापीठाची समिती दूर असते, ती स्थानिक मंजुरी मागते, आणि प्रा. आ. केंद्राला स्वतःची समिती नसते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची समिती बाहेरचे प्रस्ताव घेते का, ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का आणि तिची पुढची बैठक कधी आहे, हे वर्ष सुरू व्हायच्या आधी विचारा. त्याबरोबरच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र घ्या. आधी माहिती गोळा करून मग मंजुरी मागितली, तर समिती मागची तारीख घालून देत नाही आणि गोळा केलेलं सगळं बाद होतं.

नोंदी उतरवताना नाव, मोबाइल, आधार आणि पत्ता सोडा. त्याऐवजी अनुक्रमांक द्या, आणि त्याची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद ठेवा. लहान वाडीत वय, जात आणि व्यवसाय एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून वय पाच-दहा वर्षांच्या गटात टाका.

नोंदवह्यांऐवजी नवीन सर्वेक्षण करायचं ठरलं, तर नमुन्याचं, म्हणजे किती जणांना विचारायचं याचं, गणित असं : १.९६चा वर्ग (९५% खात्रीसाठी), गुणिले ०.५, गुणिले ०.५ (आजाराचं प्रमाण ५०% धरून), भागिले ०.०५चा वर्ग (५% चूक चालेल असं धरून). उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. गावं निवडून त्यांतली घरं घेणार असाल, तर समूहपरिणामासाठी (एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात म्हणून) १.५ने गुणा, ५७८ झाले. १०% लोक नकार देतील असं धरून ०.९ने भागा, ६४३ झाले. बरेचजण इथे १.१ने गुणतात आणि सहा-सात माणसं कमी पडतात. एकट्या विद्यार्थ्याला ६४३ घरं हा फार मोठा पल्ला आहे. रोज संध्याकाळी आठ घरं म्हटली तरी ८१ संध्याकाळी. चूक ५% ऐवजी ७% चालेल असं मार्गदर्शकांना पटवता आलं, तर मूळ आकडा १९६वर येतो आणि सगळं धरून ३२७ घरांत काम होतं. हे बोलणं प्रस्ताव समितीकडे जाण्याआधीच करून घ्या. नंतर नमुना कमी करायचा तर दुरुस्तीचा अर्ज आणि आणखी एक बैठक.