अंगावरून गेलेलं रक्त बाळाचं असतं का?

"ताई, बाळाचं रक्त गेलं का हो?" गरोदरपणात अंगावरून रक्त गेलं की हा प्रश्न हमखास येतो. बरेचदा तो सासूबाईच विचारतात.

ही मुलगी तिसाव्या आठवड्यात आली होती. पहाटे उठली तर गाऊन भिजलेला, पोटात मात्र जराही दुखत नव्हतं. सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली दिसली. मी भेटले तोवर रक्त थांबलं होतं, बाळाचे ठोकेही १४०च्या आसपास होते. तरी पोटावरचा हात ती काढेना. "माझ्यातनं एवढं गेलं, मग त्याच्यात काय उरलं असेल?"

मी केसपेपरच्या मागे वार काढून दाखवली. बाळाचं रक्त त्याच्या स्वतःच्या बंद नळ्यांतून फिरतं: नाळेतून वारेत जातं आणि ऑक्सिजन घेऊन परत येतं. आईचं रक्त त्या नळ्यांच्या बाहेरून वाहतं, मध्ये पातळ पडदा असतो. त्यामुळे बाहेर येतं ते जवळजवळ नेहमी आईचंच रक्त.

"म्हणजे काळजी नाही," सासूबाई म्हणाल्या. तिथेच मी त्यांना थांबवलं, कारण एवढ्यावर निर्धास्त होणं धोक्याचं आहे. बाळाचं रक्त जात नसलं तरी त्याचा ऑक्सिजन आईच्या रक्तातूनच येतो. शेवटच्या महिन्यांत गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त लागतं. खूप रक्त गेलं की आईचं शरीर आधी तिचा मेंदू आणि हृदय सांभाळतं, गर्भपिशवीकडच्या वाहिन्या आवळतात. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, म्हणून तिचं बीपी बराच वेळ चांगलं दिसतं आणि तेवढ्यात बाळाला कमी पडू लागतं. मग तेही आपलं रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं, हातापायांचं आणि आतड्यांचं कमी करतं. पण हे फार वेळ निभत नाही. तिला बरं वाटत असतानाही नर्स सारखे ठोके का बघत होत्या, ते तेव्हा कुठे तिला उमगलं.

क्वचित रक्त खरंच बाळाचं असतं. नाळेच्या वाहिन्या गर्भपिशवीच्या तोंडावरून गेलेल्या असतील तर पाणमोट फुटताना त्या फाटू शकतात. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे रक्त असतं पाव लिटरच्या आसपास, त्यामुळे थोडं गेलं तरी जिवावर बेततं. हिच्या सोनोग्राफीत तसं काही नव्हतं, हे डॉक्टरांनी तिला स्वतः सांगितलं. त्यानंतर ती पहिल्यांदा नीट जेवली.

बीटचा रस घरून आलाच होता. तो खुशाल प्यावा, पण हिमोग्लोबिन वाढायला आठवडे लागतात. लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

घरी सोडताना सासूबाईंनी विचारलं, "पुन्हा गेलं तर पाय उंच करून झोपवू?" नाही, मावशी. पॅड लावायचं, १०८ला फोन करायचा, गाडीत डाव्या कुशीवर झोपवायचं. सोनोग्राफीचा कागद सोबत घ्यायचा आणि वार खाली आहे हे पोचल्यापोचल्या सांगायचं, म्हणजे कुणी आतून तपासणार नाही. पोट दुखून दगडासारखं कडक झालं किंवा बाळ हलेनासं झालं, तर रक्त दिसायचीही वाट बघायची नाही.