तालुक्यात पहिली, वर्गात शेवटची

संगमेश्वर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र :

ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. सात वर्षे दर रविवारी एस.टी.ने रत्नागिरीला जाऊन कथक शिकले आणि मध्यमा पूर्ण या टप्प्यापर्यंतच्या परीक्षा दिल्या. क्लासमध्ये आम्ही रेकॉर्डवर नाचायचो आणि तालुक्यातल्या स्पर्धांत माझा नंबर ठरलेला असे. बारावीनंतर बाबांनी कर्ज काढून मला शहरातल्या विद्यापीठात नृत्याच्या पदवीला घातले. इथे वर्षभर तत्कारच, म्हणजे नुसते पायांचे बोल, चालू आहे. पढंत करताना, म्हणजे ताल धरून तोंडाने बोल म्हणताना, माझी सम (तालाची पहिली मात्रा) चुकते आणि वर्गात मी सगळ्यांच्या मागे आहे. घरी मात्र सगळे उत्तम चालल्याचे सांगते. बाबा स्वतः गणपतीत जाखडी हा कोकणातला लोकनाच नाचतात. यंदा मी अंगणात कथक करून दाखवणार, असे त्यांनी वाडीत सांगून ठेवले आहे. गुडघेही दुखतात. हे सोडून रत्नागिरीला साधे बी.ए. करू का?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस, निदान या सुट्टीत नको आणि या कारणासाठी तर मुळीच नको. तुझी सम चुकते याचा अर्थ तुझ्यात नृत्य नाही असा होत नाही. सात वर्षे रेकॉर्डवर नाचल्याचा तो परिणाम आहे, असे मला वाटते. रेकॉर्डची लय एकदा ठरली की हलत नाही, त्यामुळे शरीर तुकडा, म्हणजे बसवलेली बोलरचना, पाठ करून टाकते आणि मात्रा मोजण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. आता समोर तबलजी बसलेले असतात, लय जिवंत माणसाच्या हातात असते आणि पढंत करताना तर पायांचा आधारही नसतो; तोंडाने बोल म्हणायचे, हाताने टाळी-खाली (टाळीच्या आणि बिनटाळीच्या मात्रा) दाखवायची आणि सम आपली आपण गाठायची.

एक साधी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा बोल, घेऊन पाहा. पाच मात्रांचा पल्ला, म्हणजे तो बोलसमूह, तीन वेळा आणि मधल्या दोन जागी एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, अशा सतरा मात्रा होतात. म्हणून सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून उठलेली ही तिहाई बरोबर पुढच्या समेवर येते. घाईत दोन्ही दमांतली अर्धी-अर्धी मात्रा खाल्ली, तर शेवटचा बोल समेच्या एक मात्रा आधीच पडतो आणि पाठांतर चोख असूनही सगळे फसते. तुझे असेच होत असावे. महिनाभर रोज पंधरा मिनिटे पाय न हलवता बस, नवव्या मात्रेची खाली हाताने स्पष्ट दाखव, आणि दमाची मात्रा मनात न धरता मोठ्याने ‘एक’ म्हणून मोज.

वर्षभर तत्कार करून घेतात, यात तुझा अपमान नाही. परीक्षेसाठी आपण ठरावीक तुकडे बसवतो, पदवीच्या अभ्यासक्रमाला मात्र ते तुकडे कशाचे बनलेले आहेत हे तुला कळायला हवे असते, म्हणजे उद्या तू स्वतः रचू शकशील आणि दुसऱ्याला शिकवू शकशील. नृत्यांगना डॉ. कनक रेळे यांनी १९७७ मध्ये मुंबई विद्यापीठातून केरळच्या मोहिनीआट्टम नृत्यावर पीएच.डी. मिळवली आणि त्यांच्या नालंदा महाविद्यालयात नृत्य हा विद्यापीठाच्या पदवीचा विषय झाला. नृत्याकडे शास्त्र म्हणून पाहण्याची ती वाट अवघडच आहे, आणि पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येकाला तिच्यावर अडखळायला होते.

आता तुझ्या बाबांविषयी. ते जाखडी नाचतात हे तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, मला मात्र तुझ्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटली. जाखडीत मध्यभागी गाणारा आणि ढोलकीवाला बसतात, भोवती पायात चाळ बांधून नाचणारे फिरतात, आणि शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांची बारी, म्हणजे सवाल-जवाबाचा सामना, रंगली की ढोलकी कधी चढेल याचा नेम नसतो. त्या हलत्या लयीवर पाऊल न चुकता टाकायचे, हे तुझे बाबा वर्षानुवर्षे करत आले आहेत. तुला आज जे जमत नाही, ते तुझ्या घरात आहे.

म्हणून त्यांना खरे सांग. आंब्याच्या पेट्या भरायच्या गडबडीत नको. हंगाम उतरला की एखाद्या रात्री जेवणे झाल्यावर पडवीत बसून सांग. ‘बाबा, मी मागे पडले’ एवढेच सांगून थांबू नकोस, कुठे चुकते ते करून दाखव. मग त्यांच्या ढोलकीवाल्याला केरवा ताल धरायला सांग, त्यावर तुझा तत्कार कर आणि लय न सांगता वाढवा-उतरवा म्हणावे. कर्ज काढणाऱ्या बापाला मुलगी मागे आहे याचे दुःख होईलच, पण गणपतीत वाडीसमोर कळण्यापेक्षा ते आत्ता तुझ्या तोंडून कळलेले बरे.

पैशांसाठी एक गोष्ट करून पाहा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी १८ ते २५ वयोगटाची शिष्यवृत्ती आहे. दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात आणि गुरूकडे किमान पाच वर्षे शिकलेले असावे लागते. तुझी सात वर्षे झाली आहेत, तेव्हा प्रमाणपत्रे जपून ठेव आणि जाहिरात आली की अर्ज कर.

गुडघे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव, आणि याला उशीर करू नकोस. वसतिगृहाच्या गच्चीवर, सिमेंटच्या स्लॅबवर रियाज करत असशील तर तो आजच बंद कर. लाकडी जमीन मिळेल तिथेच पाय मार, आणि घरी असशील तेव्हा सारवलेल्या अंगणात.

पुढच्या वर्षाअखेर सम सापडू लागली आणि तरीही सकाळी घुंगरू बांधावेसे वाटत नसतील, तर मला पुन्हा लिही. तेव्हा रत्नागिरीच्या बी.ए.चा विचार मोकळ्या मनाने करू. यंदाच्या गणपतीत मोठा तुकडा धरू नकोस. सोळा मात्रांचा तत्कार, एक तिहाई आणि ढोलकीवर बाबांचाच माणूस, एवढेच कर.

तुझी,
ताई