पाण्यावरचा फुगा, हातातली चक्री

पावसाळा लागला की मालवणचं डायव्हिंग बंद होतं आणि मी बाडबिस्तरा गुंडाळून रावेरला घरी येतो. चार महिने केळी, कपाशी आणि तुमची पत्रं. खानदेशातून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर, तरी दर वर्षी इथले आणखी काही जण स्कूबा शिकून येतात आणि परत आल्यावर काय काय विकत घ्यायचं ते विचारतात. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत, एसएमबी. म्हणजे सरफेस मार्कर बॉय: लांबट, भडक रंगाची फुगवायची पिशवी. बुडी मारणारा ती पाण्याखालूनच फुगवून दोरीवर वर सोडतो, म्हणजे ‘मी इथे खाली आहे’ हे बोटवाल्याला कळतं. दोरी ज्या चकतीवर गुंडाळलेली असते, तो स्पूल.

साक्रीहून एक वडील लिहितात: पोरगा मित्रांबरोबर तारकर्लीला पाण्याखाली उतरायला चालला आहे. दुकानदार त्याला फुगा आणि दोरी घ्यायला सांगतोय. भाऊ, हाऊ फुगा खरंज लागस का?

नाही लागत, आबा. तो करणार आहे ती पहिलीवहिली बुडी. त्यात प्रशिक्षक त्याला पूर्ण वेळ धरून असतो, खोली थोडी असते आणि बोट डोक्यावरच असते. ते पैसे राहू द्या. पोराला आवड लागली आणि त्याने ओपन वॉटरचा कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला पूर्ण कोर्स, केला, तर मग पुढची उत्तरं त्याला वाचायला द्या.

जळगावच्या एक प्राध्यापिका: अंदमानात स्वराज द्वीपला ओपन वॉटर पूर्ण केलं. डिसेंबरात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाकडे जाणार आहोत. गाइडकडे एसएमबी असतोच, मग स्वतःचा कशाला? आणि घ्यायचाच तर केवढा?

ताई, गाइडचा फुगा गाइडबरोबर असतो. तुम्ही एखाद्या माशामागे जरा रेंगाळलात, पाणी गढूळ झालं, प्रवाहाने तुम्हाला खडकाच्या दुसऱ्या बाजूला नेलं, की गाइड एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. नियम असा की मिनिटभर शोधायचं, नाही दिसला तर सावकाश वर यायचं. तुम्ही वर येता ती जागा बोटवाल्याच्या हिशेबात नसते. लाटांमध्ये माणसाचं डोकं दुरून नारळाएवढं दिसतं, आणि समुद्रात नारळ पुष्कळ तरंगतात. दुसरी भीती त्याहून मोठी: बोटीच्या पंख्याची. तुम्ही ५ मीटरवर ३ मिनिटं सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर यायच्या आधीच्या सुरक्षा-थांब्याला, थांबलेल्या असता आणि वरून जाणाऱ्या बोटीला त्याची कल्पनाच नसते.

म्हणून फुगा प्रत्येकाकडे हवा. सोडायचा मात्र जोडीत एकानेच. दोघांनी शेजारी शेजारी सोडले की दोऱ्यांची वेणी होते.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: १२० सेंटिमीटर लांब आणि सपाट पसरल्यावर साधारण १५ सेंटिमीटर रुंद. ९०-१०० सेंटिमीटरचे अरुंद फुगे खिशात छान बसतात, तरणतलावात शिकायला बरे, पण मीटरभराची लाट उठली की दिसेनासे होतात. १८० सेंटिमीटरचा रुंद फुगा दुरून झकास दिसतो, पण तो भरायला बरीच जास्त हवा लागते. पहिल्या वर्षी ती भरताना तुमचं तरंगणं बिघडणार, हे नक्की. तो नंतर घ्या.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. फुगा आपोआप उभा राहत नाही. खालून दोरी ताणून धरली तरच तो ताठ उभा राहतो. दोरी सैल सोडली किंवा हवा अर्धवट भरली, की तो पाण्यावर आडवा पडतो. मग सहा फुटी फुगाही लांबून केळीच्या सालासारखा दिसतो.

धुळ्याचे एक वाचक: मी पक्का पतंगबाज. रील घ्यावी की स्पूल? हँडलवाली रील मला चक्रीसारखी सोयीची वाटते. दोरी किती मीटर हवी?

भाऊ, पतंगबाज आहात म्हणून तुम्हाला लवकर कळेल. चक्री तुम्ही स्वतः धरता का? नाही. ती धरायला मागे एक भाचा उभा असतो आणि तुमचे दोन्ही हात मांज्यावर. पाण्याखाली भाचा नाही. एका हातात फुगा, दुसऱ्या हातात दोरी, शिवाय डोळा खोलीच्या काट्यावर. अशा वेळी रीलची खिट्टी, तिचा दांडा, तिची मूठ हे सगळं वाढीव काम होतं. दोरी आतल्या फटीत एकदा घुसली की रील अडकते, आणि अडकलेली रील फुग्याबरोबर वर निघते. लांब अंतराच्या किंवा खोल, थांबे घेत करायच्या बुड्यांना रील उपयोगी पडते. तुम्ही अजून तिथे नाही.

स्पूल म्हणजे भोक असलेली चकती. त्यात हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. अंगठा आणि मधल्या बोटाच्या टोकांत हलकं धरलं की ढील देताना ती गरागरा फिरते. बोट भोकात पार घालू नका, नुसता टेकू द्या. फुगा वेगात सुटतो तेव्हा दोरी बोटावर मांज्यासारखा चरा नाही पाडत, पण भाजते चांगलीच.

दोरी ३० मीटरची घ्या. ओपन वॉटरवाल्याची मर्यादा १८ मीटर, मग ३० कशाला, असं वाटेल. प्रवाहात दोरी सरळ वर जात नाही, तिरकी जाते. १८ मीटरवरून सोडायची वेळ आली तर १८ मीटर दोरी कधीच पुरत नाही. १५ मीटरची छोटी स्पूल सेफ्टी स्टॉपवरून फुगा सोडायला पुरते, पण पुढच्याच वर्षी ती बदलावी लागेल. दोरी विणलेली नायलॉनची आणि जरा जाडसर हवी. बारीक दोरी ओल्या, गारठलेल्या बोटांना सापडत नाही. रंग पांढरा किंवा भडक. साध्या प्लास्टिकची स्पूल चालते, डेलरिन या कडक प्लास्टिकची टिकते. स्टीलची दिसायला देखणी, पण हातातून सुटली की थेट तळाला.

नवी स्पूल घरी आली की पहिलं काम असं करा: अंगणात सगळी दोरी उलगडा, अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत. आतलं टोक स्पूलला बांधलेलं आहे का? स्वस्त स्पूलमध्ये ते कधी कधी नुसतं गुंडाळलेलं असतं. तसं असेल तर एक दिवस फुगा, दोरी सगळं आकाशात आणि रिकामी चकती तुमच्या हातात. बाहेरच्या टोकाला मोठा फास हवा, पूर्ण स्पूल त्यातून आरपार जाईल एवढा. फुग्याच्या कडीत फास घालायचा आणि त्यातून स्पूल ओवून घ्यायची, गाठ मारायचं कामच राहत नाही. परत गुंडाळताना काठोकाठ भरू नका, कडेला थोडी जागा सोडा, नाहीतर वेढे घसरून गुंता होतो. पतंगाचा गुंता दातांनी तोडून टाकता येतो, इथे ती सोय नाही.

सोबत दोन्हीकडे उघडणारी स्टीलची कडी घ्या, तिला डबल एंडर म्हणतात. ती स्पूलच्या भोकात आणि दोरीत अडकवली की दोरी सुटत नाही.

भुसावळचे एक रेल्वे कर्मचारी: उघड्या तोंडाचा फुगा, बंद तोंडाचा फुगा, व्हॉल्ववाला... डोकं गरगरतं. आणि खाली असताना तोंडाने फुगवायचा म्हणजे श्वासाचं काय? मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

धास्ती योग्य जागी आहे, म्हणून जरा सविस्तर.

उघड्या तोंडाची पिशवी खालून मोकळी असते. रेग्युलेटरचे, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या उपकरणाचे, बुडबुडे तिच्यात धरले की ती भरते. भरायला सोपी, पण वर गेल्यावर जरा आडवी झाली की सगळी हवा ओतून टाकते. पूर्ण बंद फुग्याला फक्त एक नळी असते. त्यातून आत गेलेली हवा बाहेर येत नाही, पण भरायला ती नळीच वापरावी लागते. तुम्ही मधला घ्या: खालचं तोंड आतून बदकाच्या चोचीसारखं मिटणारं, शिवाय तोंडाने फुंकायची नळी आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व. तो व्हॉल्व असायलाच हवा, कारण हवा वर जाताना फुगते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे भरलेली १ लिटर हवा वर पोचेपर्यंत २ लिटर होते. व्हॉल्व नसेल तर शिवण फाटते.

आता आकडे बघा, धास्ती थोडी कमी होईल. १२० बाय १५ सेंटिमीटरच्या फुग्यात वर साधारण साडेआठ लिटर हवा मावते. १५ मीटरवर दाब अडीच पट, म्हणजे तिथे साडेतीन लिटरच्या आत भरली तरी वर तो गच्च होतो. ५ मीटरवरून सोडायचा तर मात्र पावणेसहा लिटर लागते. नवशिक्यांना उलटं वाटतं, पण उथळ पाण्यात जास्त फुंकावं लागतं.

तोंडाने फुंकताना हवा तुमच्या फुप्फुसातून पिशवीत जाते. जोवर पिशवी हातात आहे तोवर तुमच्यात आणि पिशवीत मिळून हवा तेवढीच, म्हणून तुम्ही वर उचलले जात नाही. पुढचा श्वास घेतला की मात्र जादा हवा आली. म्हणून पहिली फुंकर अर्धीच, पिशवी नुसती उभी राहण्यापुरती. मग रेग्युलेटर तोंडात, शांतपणे दोन श्वास, वर बोट नाही ना हे बघणं, जोडीदाराला खूण. शेवटची मोठी फुंकर मारली की लगेच सोडून द्यायचा. रेग्युलेटर तोंडात नसताना ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं. पाण्याखाली श्वास कोंडायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा इथेही लागू आहे. ऑक्टोपसचं, म्हणजे जादा रेग्युलेटरचं, बटण दाबून भरायची रीत जलद आहे, पण एका दाबात गरजेपेक्षा जास्त हवा येते. तिच्याकडे सहा महिन्यांनी वळा.

आणि माझी फजिती ऐका. शिकत होतो तेव्हा दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून मी स्पूलची कडी जॅकेटला अडकवून ठेवली होती. १२ मीटरवरून फुगा सोडला, दोरीला अढी बसली, आणि साडेआठ लिटर हवेने, म्हणजे साधारण साडेआठ किलोच्या ओढीने, मला मोटेसारखं वर खेचलं. नशिबाने अढी सुटली तेव्हा मी ७ मीटरवर होतो. वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नसावा, आणि मी ते ५ मीटर काही सेकंदांत कापले होते. तेव्हापासून फुगा सुटत असताना स्पूल फक्त बोटांत, अंगाला कधीच नाही. अडकली तर सोडून द्यायची. स्पूल दुसरी मिळते.

रावेर तालुक्यातले एक शेतकरी: शेतात भरलेली विहीर आहे, पोहायला मी तिथेच शिकलो. मित्राकडे सिलिंडर आहे. सराव विहिरीत केला तर?

पाठीला वाळका भोपळा बांधून मीही विहिरीतच शिकलो, पण या कामाला विहीर नको. आत पंपाची वायर आहे, पाइप आहे, कपारी आहेत, दोरी अडकायला शंभर जागा. गाळ उठला की हाताला हात दिसत नाही, आणि पाठीवर सिलिंडर असताना पायऱ्यांनी वर यायचं म्हणजे दिव्यच. विहीर किती परस खोल आहे हे तुम्हाला माहीत असेल, पण तळाशी काय पडलंय ते घरच्या आजोबांनाही सांगता येणार नाही. धरणाचा विचार तर मनातही आणू नका. तिथे मासेमारीची जाळी असतात, दरवाज्यांकडची ओढ असते, आणि परवानगीचा प्रश्न वेगळाच.

निम्मा सराव कोरड्यात होतो. दोरीचं टोक भाच्याच्या हातात द्या, त्याला जिन्याने गच्चीवर पळायला सांगा आणि तुम्ही खाली डोळे मिटून स्पूल फिरू द्या. मग तो खाली येत असताना, दोरी सैल न पडू देता गुंडाळा. हे तीस-चाळीस वेळा. पिशवी खिशातून काढणं, उलगडणं, फास ओवणं हेही डोळे मिटून, हातमोजे असतील तर ते घालून. बाकीचा निम्मा सराव तरणतलावात, प्रशिक्षकाबरोबर.

शहाद्याचे एक वाचक: ताडपत्रीवाल्याकडून पिशवी शिवून घेतली आणि ठिबकच्या नळीचं तोंड बसवलं तर स्वस्तात काम होईल का?

होईल, पाण्यावर तरंगण्यापुरतं. स्नॉर्कल लावून वरच पोहणार असाल तर दोरीला बांधलेला रिकामा कॅनसुद्धा चालतो. पण खालून सोडायच्या पिशवीची शिवण उष्णतेने जोडलेली असते, सुईची नसते. सुईच्या भोकांतून हवा झिरपत राहते आणि तुमचा फुगा तुमच्याआधी बुडतो. कल्पना मात्र अस्सल खानदेशी, मला आवडली.

चाळीसगावहून: रंग केशरी घेऊ की पिवळा?

केशरी. टेक्निकल डायव्हिंगवाल्यांमध्ये, म्हणजे खोल, थांबे घेत बुड्या मारणाऱ्यांमध्ये, पिवळा फुगा बऱ्याच ठिकाणी ‘खाली अडचण आहे, मदत पाठवा’ या अर्थाने सोडतात. सगळीकडे तोच अर्थ घेतात असं नाही, म्हणून बोटीवर चढल्यावर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारून घ्यावं. वरच्या टोकाला चकाकती पट्टी असलेला मिळाला तर उत्तम. आणि जाड मार्करने त्यावर आपलं नाव मराठीत, ठळक लिहा. बोटीत एकसारखे सहा फुगे पडलेले असले की त्याची किंमत कळते.

अमळनेरहून: वर्षातून एकदाच समुद्रावर जातो. बाकी अकरा महिने हे सामान कसं ठेवायचं?

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवा. पिशवीच्या आतही पाणी घालून खळबळून काढा, कारण मीठ व्हॉल्वमध्येच बसतं. स्पूल वरून कोरडी दिसली तरी आतले वेढे ओलेच असतात, म्हणून दोरी पूर्ण उलगडून सावलीत वाळवा आणि सैल गुंडाळा. कडीची स्प्रिंग दाबून दाबून धुवा. आणि कृपा करून हे सगळं गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, डिकीत त्याहून जास्त. व्हॉल्वचं रबर तिथे कडक होतं आणि पिशवीचे थर एकमेकांना चिकटतात. घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, घट्ट घडी न घालता. पुढच्या वर्षी निघायच्या आठवडाभर आधी पिशवी फुगवून रात्रभर खाटेखाली ठेवून द्या. सकाळी मऊ पडलेली दिसली, तर बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्वमधून येत असतील तर बहुतेक वेळा वाळूचा एखादा कण अडकलेला असतो, धुतला की काम होतं. शिवणीतून येत असतील तर नवी घ्या.