सगळीकडे एकच नियम का नको?

प्रश्न: पर्यावरणपूरक बांधकामासाठी सगळीकडे सरळ एकच कडक नियम का करत नाहीत?

उत्तर: अहो, थंडीत उष्णता आत धरून ठेवायची असते आणि दमट गरम हवेत ऊन अडवून वारा खेळता ठेवायचा असतो, मग नियम एकच कसा चालेल? थंड हवेच्या ब्रसेल्सचं (बेल्जियमची राजधानी) बघा, २००७ पासून स्पर्धा घेऊन चांगल्या इमारतींना अनुदान दिलं, आर्किटेक्ट-कामगारांचा हात बसू दिला आणि मगच २०१५ पासून नव्या घरांना कडक एनर्जी नियम लावला. हा क्रम मला मनापासून पटतो, आधी शिकवा मग सक्ती करा. दमट गरम हवेच्या सिंगापूरनं २००५ मध्ये ग्रीन मार्क रेटिंग, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक आहे याची श्रेणी, आणलं, तिथे एसीची वीज वाचवणं हाच मोठा मुद्दा.