उपकेंद्रातलं टेलिफोनचं काम मुलीने घ्यावं का?

प्रश्न: मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वीज उपकेंद्रांतल्या मल्टिप्लेक्सरची (अनेक फोन चॅनल एकाच दुव्यावरून नेणाऱ्या यंत्राची) देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडे नोकरी मिळते आहे. त्यात चॅनल जोडणारी कार्डं बसवणं, टेलिफोन एक्सचेंजांना एकमेकांशी जोडणाऱ्या ट्रंक लाइन चालू ठेवणं असं काम आहे. मैत्रिणी म्हणतात, हे तंत्रज्ञान जुनं झालं. होकार द्यावा का?
– एक पालक, जळगाव

उत्तर: घेऊ द्या. मात्र आधी एवढं विचारून घ्या की तिच्या हातात मीटर देणार, की फक्त सामानाची पेटी? या कामात जे शिकायचं ते मोजमापातूनच शिकता येतं.

मैत्रिणींचं म्हणणं अर्धं खरं आहे. नव्या जोडण्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीच्या नेटवर्कवर, चालल्या आहेत. पण २.०४८ एमबीपीएसचे ई-वन दुवे (तीस चॅनल वाहणारे जुन्या पद्धतीचे डिजिटल दुवे) अनेक उपकेंद्रांत अजून चालू आहेत, आणि त्यांवरून बोलण्याबरोबर वीजलाइनच्या संरक्षणाचे ट्रिप आदेशही (बिघाड झाला की लाइन बंद करायचे) जाऊ शकतात. शेजारचं कार्ड चुकून ओढलं गेलं तर एक फोन बंद पडून भागत नाही. म्हणून परवानगीशिवाय शेल्फला (कार्डं बसवलेल्या चौकटीला) हात लावायचा नाही, ही सवय तिला पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे.

कार्ड बदलण्याआधी स्लॉट नंबर, दोन तारी की चार तारी, सिग्नलिंगचा (लाइन घेतली-सोडली हे कळवण्याचा) टाइप आणि दोन्ही दिशांच्या आवाजाच्या पातळ्या वहीत उतरवायच्या, आणि नव्या कार्डावर जंपर (सेटिंग ठरवणारे छोटे जोड) तसेच लावायचे. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा शेल्फच्या अर्थला जोडायचा, कार्ड कडांनी धरायचं, गाइडमध्ये सरळ सरकवायचं. तिरकं दाबलं तर बॅकप्लेनची (शेल्फच्या मागच्या जोडणी-पाटीची) पिन वाकते, आणि मग नवं कार्डही त्या स्लॉटमध्ये चालत नाही.

खरा कस लागतो तो ई अँड एम ट्रंकवर, म्हणजे आवाजाच्या आणि सिग्नलिंगच्या तारा वेगळ्या असलेल्या ट्रंकवर. सहा तारा असतात: चार आवाजाच्या, एक ई, एक एम. लाइन घेतली, म्हणजे कॉलसाठी अडवली, की एक्सचेंज ते एमवरून कळवतं, पलीकडच्या एक्सचेंजला ते ईवर मिळतं. टाइप पाचमध्ये लाइन रिकामी असताना दोन्ही तारांवर अर्थच्या संदर्भात साधारण उणे ४८ व्होल्ट दिसतात, आणि लाइन घेतली की तार अर्थला जाऊन मीटर शून्याजवळ येतो. टाइप एकमध्ये एमचं नेमकं उलटं: रिकामी असताना अर्थ, घेतल्यावर उणे ४८. समजा एक्सचेंज टाइप एकवर आहे आणि कार्ड टाइप पाचवर. रिकाम्या लाइनवरचा अर्थ पाहून कार्डाला वाटतं लाइन घेतली, आणि पलीकडे ती ट्रंक कायम बिझी दिसते. असं असताना कार्डामागून कार्ड बदललेली मी पाहिली आहेत. दोष कार्डात नसतो, त्यामुळे फरक पडत नाही. मल्टिमीटर लावला तर हे दोन मिनिटांत कळतं.

दोष आपल्या टोकाला की पलीकडे, हे डीडीएफवर (डिजिटल दुव्यांच्या तारा जोडायच्या चौकटीवर) ई-वनचा लूप करून, म्हणजे पाठवलेला सिग्नल आपल्याकडेच वळवून, ठरतं. चॅनलचा एम घेतला की त्याच चॅनलचा ई चालू झाला पाहिजे. झाला, तर आपलं टोक ठीक. पण लूप केला की त्या दुव्यावरचे तिसाच्या तीस चॅनल तुटतात, म्हणून इथेही आधी परवानगी.

लाइन घेतली जाते पण आवाज नाही, तर बहुधा पाठवायची आणि घ्यायची जोडी उलट लागली आहे. टेस्ट टोन पोचतो पण लाइन घेतली जात नाही, तर टाइम स्लॉट १६ (ई-वनमधला सिग्नलिंगसाठी राखलेला भाग) पाहायचा. प्रत्येक चॅनलचे चार सिग्नलिंग बिट तिथून दर २ मिलिसेकंदांनी जातात, आणि एका टोकाला ते सेटिंग बंद राहिलं असेल तर वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पातळी १०२० हर्ट्झच्या टोनने, ६०० ओहमचं टर्मिनेशन (लाइनच्या टोकाला लावायचा रोध) लावून मोजायची. टर्मिनेशन राहिलं तर मीटर सुमारे ६ डीबी जास्त दाखवतो, आणि त्या आकड्यावर गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) बसवला की आवाज पुरता बिघडतो.

हे ज्ञान पुढे वाया जात नाही. आयपीवर जाताना जुनं एक्सचेंज व्हॉइस गेटवेला (जुने फोन आणि आयपी यांना जोडणाऱ्या यंत्राला) जोडावं लागतं, आणि त्या गेटवेवर एफएक्सएस (फोन जोडायचा), एफएक्सओ (एक्सचेंजची लाइन जोडायचा), ई अँड एम हेच पोर्ट असू शकतात. एफएक्सओचा एक त्रास तर नेहमीचा: समोरच्याने फोन ठेवला तरी पोर्टला ते कळत नाही आणि लाइन अडकून राहते. तिथे बिझी टोन ओळखण्याचं किंवा लाइनची पोलॅरिटी (दोन तारांची धन-ऋण बाजू) बदलण्याचं सेटिंग दोन्हीकडे जुळवावं लागतं. म्हणून नोकरीबरोबर तिने एसआयपी (आयपीवर कॉल जोडण्याची पद्धत), व्हीएलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग करणं), क्यूओएस (आवाजाला नेटवर्कवर प्राधान्य देणं) आणि वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक तपासायचं सॉफ्टवेअर) शिकायला घ्यावं. रेल्वेची ज्युनियर इंजिनिअरची भरती डिप्लोमावर असते, तोही अभ्यास चालू ठेवावा.

ठेकेदाराला आणखी दोन गोष्टी विचारा. पीएफ आणि अपघात विमा नेमणूकपत्रात लिहिलेला आहे का? आणि पीएलसीसीचं (वीजलाइनवरूनच संदेश पाठवण्याच्या यंत्रणेचं) काम यार्डात असेल तर तिच्याबरोबर अनुभवी माणूस कोण जाणार? लाइन मॅचिंग युनिटला (ही यंत्रणा वीजलाइनशी जोडणाऱ्या पेटीला) अर्थिंग स्विच लावल्याशिवाय हात लावायचा नसतो. एकटीला पाठवू म्हणाले, तर तिथे होकार देऊ नका.